दुधाच्या रतिबाला ऑटोपे लावला, खाड्यांनी घोळ केला – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात आमचा गोठा आहे. धारा, चारा, डॉक्टर हे दीर-जाऊबाई बघतात. पुण्यातला धनकवडी-सहकारनगरचा रतीब आणि हिशोब माझ्याकडे. १८० घरं, सरासरी घरटी एक लिटर, भाव ८० रुपये. इतकी वर्षं वहीवर चाललं. महिनाअखेरीला बिलाचा मेसेज टाकायचा आणि पुढचे पंधरा दिवस "उद्या नक्की करते हं ताई" ऐकायचं.

दोन महिन्यांपूर्वी एका पेमेंट गेटवेवर (ग्राहकांचे पैसे ऑनलाइन गोळा करून देणारी कंपनी) प्लॅन तयार केला. एक लिटर, दरमहा २,४०० रुपये, एक तारखेला आपोआप कापले जाणार. साठेक घरांनी यूपीआय ऑटोपेला मंजुरी दिली. वाटलं, सुटले एकदाची.

पण रतीब म्हणजे काही ओटीटी नव्हे. कुणी चार दिवस गावाला जातं, कुणाकडे पाहुणे आले की दोन लिटर जास्त, महिना कधी ३० चा तर कधी ३१ चा. प्लॅनमधली रक्कम मात्र ठाम. आधी पूर्ण पैसे कापायचे आणि मग मी खाड्यांचे परतावे करत बसायचे. एक आजी १२ दिवस लेकीकडे होत्या. त्यांना ९६० रुपये परत केले, पण गेटवेने घेतलेली फी गेली ती गेलीच. गेल्या महिन्यात असे २३ परतावे झाले. सात जणांनी तर ऑटोपेच रद्द केला. "बिल २,१६० चं आणि कापले २,४००, हे कसं काय?" त्यांचं चुकलं असं मलाही म्हणवत नाही.

दर महिन्याला वेगळी रक्कम कापता येते का? आणि उद्या भाव ८४ केला तर सगळ्यांकडून परत मंजुरी घ्यायची का? यजमान म्हणतात वहीच बरी होती. त्यांना बरोबर ठरवायची माझी इच्छा नाही, म्हणून इथे विचारतेय.

जारवाला: ताई, ऑटोपे ठीक आहे, प्लॅन चुकलाय. मी ऑफिसांना पाण्याचे जार देतो, माझंही बिल दरमहा वेगळं. ठरलेल्या रकमेऐवजी 'कमाल मर्यादे'चा मँडेट घ्या. ग्राहक एकदाच पिन टाकून अमुक रकमेपर्यंत परवानगी देतो, त्याच्या आत जेवढं बिल तेवढंच कापायचं. यूपीआयमध्ये १५,००० पर्यंत दर वेळी पिन लागत नाही. पण म्हणून मर्यादा १५,००० टाकू नका, मी टाकली होती. स्क्रीनवर तो आकडा बघून निम्मे लोक पळाले. एक लिटरवाल्याला ४,००० पुरेत. पाहुण्यांचं दूधही त्यात बसतं आणि भाववाढही, पुन्हा मंजुरी नको.

रतीबताई: म्हणजे बिल एक तारखेला तयार करून लगेच कापायचं?

जारवाला: लगेच नाही. कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला रकमेची सूचना जावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. सूचनेत गेलेली रक्कमच कापायची, म्हणजे खाडे त्याआधी मिटलेले हवेत. एक तारखेला व्हॉट्सॲपवर बिल पाठवा, दोनला भांडणं मिटवा, तीनला सूचना, पाचला वसुली. पेन्शनही तोवर जमा झालेली असते. आणि ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळेबाहेरच होते: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, रात्री साडेनऊनंतर. अकरा वाजता पैसे दिसले नाहीत म्हणून घाबरू नका.

आकडेमोड: विषयाला सोडून एक विचारतो. तुम्ही तूप विकता का?

रतीबताई: दिवाळीत थोडं, घरचंच. का हो?

आकडेमोड: मग सीएला गाठा. ताजं दूध जीएसटीमुक्त आहे. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. तूप मात्र करपात्र, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आधी १२ होता. आणि माल विकणाऱ्यांसाठीची नोंदणीची वर्षाला ४० लाखांची मर्यादा मोजताना दुधाची विक्रीही धरतात. तुमचेच आकडे: १८० × २,४०० × १२ = ५१ लाख ८४ हजार. वहीत हे कुणाला दिसत नव्हतं, आता सगळं बँकेतून येणार. दुसरं, गेटवेच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि दूध करमुक्त असल्याने त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, तुम्हाला मिळणार नाही. फी धरूनच भाव ठरवा.

पेठकर: सगळ्यांना ऑटोपेत ओढू नका एवढंच सांगतो. आमच्या मातोश्री आजही कॅलेंडरवर खाड्याची फुली मारतात आणि दूधवाल्याला रोख मोजून देतात. त्यांना मँडेट समजावण्यात तुमची सकाळ जाईल.

रतीबताई: सगळ्यांचे आभार. गेटवेला फोन केला, कमाल मर्यादेचा मँडेट त्यांच्याकडे आहे, फक्त जुन्या ५३ घरांकडून नव्याने मंजुरी घ्यावी लागेल. खाडा आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचा, असा नियम आजच ग्रुपवर टाकला. तुपाचं ऐकून घरात शांतता पसरलीय. आता एकच राहिलं: खात्यात पैसे नाहीत म्हणून वसुली फसली, तर दूध कधी थांबवायचं?

जारवाला: पहिली वसुली फसली तर आणखी तीन प्रयत्न करता येतात, पण सगळे एकाच दिवशी वाया घालवू नका. मी दुसऱ्यानंतर फोन करतो. जार मी बंद करतो. दुधाचं तुम्ही बघा, लहान मूल असलेल्या घराचा रतीब मला तोडता आला नसता.