मदत हवी आहे: नदीकाठचे दगड, हत्यारं की नुसतेच दगड? (अर्जंट)

कळवेकरीण: एमएच्या सर्व्हे प्रोजेक्टसाठी चार रविवार नदीकाठ पालथा घातला. ३७ दगड मिळाले, लालसर आणि दुधी. घासून-धुऊन बरणीत भरलेत. सोमवारी सरांना दाखवायचेत. सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगातली चिमुकली दगडी हत्यारं, असतील का? फोटो चढत नाहीयेत. लवकर सांगा.

कातळ: कुठली नदी? पात्रात मिळाले की मातीच्या थरात?

कळवेकरीण: उल्हास, अजून कुठली! बदलापूरच्या पुढे, पाण्याजवळ.

बदलापूरकर: मग विसरा. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती याच नदीच्या पुरात. तुमचे दगड पार कर्जतहून वाहत आले असतील. वर वाळूउपसा. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग तर दर पावसाळ्यात...

भटक्या: पात्र सोडा, काठाच्या उंच भागात बघा. इनामगावला घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ खणलं, घरं-चुली सगळं निघालं.

कातळ: ते ताम्रपाषाणयुगीन गाव, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरणाऱ्यांचं; ही त्याआधीचं विचारतेय. जवळचं उदाहरण कांदिवलीचं. टॉड नावाच्या अभ्यासकाने १९३०च्या दशकात तिथून अश्मयुगीन हत्यारं गोळा केली होती.

शिलाहार१०६०: अंबरनाथचं शिवमंदिर घ्या की प्रोजेक्टला! शिलालेखासकट तयार आहे.

कळवेकरीण: मंदिर नकोय हो.

नियमवाला: पुरातत्त्व खात्याची परवानगी काढलीत का?

भटक्या: परवानगी उत्खननाला लागते. तिने खणलंय कुठे?

नियमवाला: उचललंय ना?

कातळ: भांडा नंतर. रंगावर जाऊ नकोस, तसली गारगोटी आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत आपोआप तयार होते. घाव बसला तिथे फुगवटा आणि त्यापासून पसरलेल्या लाटा दिसतात का? पाती काढून उरलेल्या दगडावर, म्हणजे गाभ्यावर, उभ्या समांतर खाचा असतात. वाहून आलेल्याच्या कडा बोथट होतात. आणि बरणी कशाला? एकमेकांवर आपटून नवे टवके उडतात, मग जुनं-नवं कळत नाही.

कळवेकरीण: एकावर चार खाचा आहेत, अंगठ्याएवढा. कडेने बोट कापलं माझं. पण तो पाण्याजवळचा नाही, वर वीटभट्टीमागे माती कापलीय तिथे अर्धा रुतलेला होता.

कातळ: अगं, हे आधी सांगायचं! बाकी ३६ राहू देत बाजूला. जागा नोंदवलीस? किती खोलीवर होता?

कळवेकरीण: मोबाइलचं लोकेशन बंद होतं. भट्टी लक्षात आहे. उद्याच जाते, पहिली कर्जत लोकल कितीला?

बदलापूरकर: कुठली भट्टी ते सांगा आधी. त्या पट्ट्यात तीन आहेत.