अनुभव धागा: वर्गातल्या सहभागाचे गुण विद्यार्थ्यांनी स्वतःच द्यायचे, तर कसे?

मुंबई विद्यापीठाच्या ७५:२५ पद्धतीत (७५ गुण सत्राअखेरच्या परीक्षेचे, २५ अंतर्गत) अंतर्गत २५ पैकी २० गुण चाचणीचे आणि ५ वर्गातल्या सहभागाचे व वर्तणुकीचे होते. असे पाच गुण अनेकदा हजेरीपट बघून सरसकट वाटले जातात, आणि त्यात विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्यांनी हे गुण विद्यार्थ्यांना स्वतः ठरवू दिले आहेत त्यांनी नेमकी रीत लिहावी: नोंद कशी ठेवता, कधी भरून घेता, कुठे फसतं.

अर्थशास्त्र, पदवीचं दुसरं वर्ष

सत्राच्या शेवटी एकदाच "स्वतःला दहापैकी किती द्याल?" असं विचारू नका. तोवर शेवटचे दोन आठवडेच आठवत असतात. आमच्याकडे तास संपायच्या आधी तीन मिनिटं राखून ठेवतो. प्रत्येकाकडे पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. त्यावर तारीख, आज काय विचारलं किंवा मांडलं ते एका वाक्यात, कुणाच्या मुद्द्यावरून पुढे गेलो ते, आणि ० ते ३ मधला एक आकडा. वाचून आलो पण बोललो नाही तर १, नेमका प्रश्न किंवा उत्तर असेल तर २, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला तर ३.

दुसऱ्या आठवड्यात नमुन्याच्या नोंदी फळ्यावर लिहून सगळ्यांकडून गुण देऊन घ्यायचे. "आज चर्चेत भाग घेतला" याला ०, कारण त्यातून काहीच कळत नाही. "किंमत उतरली तर मागणी वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर खाली येतो ना, असं विचारलं" याला २ (मागणी वक्र म्हणजे कोणत्या किमतीला किती मागणी ते दाखवणारी रेषा). "उत्पन्न वाढलं की वक्र उजवीकडे सरकतो, या तिच्या मुद्द्याला हलक्या प्रतीच्या वस्तूंचा अपवाद जोडला" याला ३ (अशा वस्तू उत्पन्न वाढलं की लोक कमी घेतात). हा अर्धा तास वाचवायला गेलात, तर पुढे प्रत्येकाचा ३ वेगळा निघतो. सत्राअखेरी सर्वांत कमी गुणांची तीन कार्डं वगळून सरासरी काढायची. आजारपण, एखादा वाईट दिवस त्यात भरून निघतो.

राज्यशास्त्र, एम.ए.

विद्यार्थ्याचे आणि शिक्षकाचे गुण यांची सरासरी काढू नका, कळकळीने सांगते. शिक्षकाच्या मते दोघंही ६ चे. एकाने स्वतःला १० दिले, त्याला ८ पडतात. दुसरीने प्रामाणिकपणे ६ दिले, तिला ६ च. पुढच्या सत्रात सगळा वर्ग १० लिहितो. त्याऐवजी शिक्षकाने आपले गुण आधी लिहून बाजूला ठेवावेत. फरक एका गुणाचा असेल तर विद्यार्थ्याचा आकडा कायम. त्याहून जास्त असेल तर कार्डं समोर ठेवून पाच मिनिटं बोलायचं, आणि नोंदींत जे दिसेल तेच धरायचं. बोलण्यानंतर गुण वाढतातही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

मानसशास्त्र

क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात चाचण्यांत तळाच्या चौथ्या हिश्शातले विद्यार्थी सरासरी १२ व्या शतमकावर (म्हणजे शंभरातल्या जेमतेम बाराजणांच्या पुढे) होते, पण त्यांना वाटत होतं आपण ६२ व्या वर आहोत. वरच्या गटाने उलट स्वतःला कमी लेखलं. म्हणून फुगवलेले गुण शोधताना कमी लावलेलेही शोधा. फाल्चिकोव्ह आणि बाउड या शिक्षण-अभ्यासकांनी विद्यार्थ्यांच्या स्वमूल्यमापनाचा १९८९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात वरच्या टप्प्याच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी-शिक्षकांचे गुण जास्त जुळलेले दिसतात. प्रथम वर्षाला या गुणांचा भार कमीच ठेवलेला बरा.

अभियांत्रिकी, १२० जणांचा वर्ग

एवढी कार्डं रोज तपासणं होत नाही. दर तासाला चिठ्ठ्या टाकून दहा काढा, तेवढी नीट वाचा आणि पुढच्या तासाला शेरा लिहून परत द्या. गुगल फॉर्म सोपा वाटतो, पण गैरहजर मित्राचा फॉर्म दुसराच भरतो. फॉर्म तास संपताच बंद करून हजेरीशी ताडून पाहावा लागतो. एका तासात दोनच वेळचं बोलणं धरायचं, नाहीतर मुलं हात वर करायची संख्या मोजत बसतात.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, मराठी माध्यमातून आलेली

इंग्रजीत चालणाऱ्या तासाला मुद्दा सुचतो, पण वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. तासाआधी लिहून दिलेला प्रश्न आणि चौघांच्या गटात मराठीत मांडलेला मुद्दा, दोन्ही गुणांच्या तक्त्यात (कशाला किती गुण ते सांगणाऱ्या) २ ला पात्र असले पाहिजेत. आणि शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर थांबावं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेच्या निरीक्षणात शिक्षक साधारण एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब होत आणि एरवी गप्प राहणारेही बोलत. न थांबता पुढे जाणाऱ्या तासात स्वतःला १ देणं हा त्या मुलीचा दोष कसा?

अंतर्गत परीक्षा समितीत काम केलेले

तक्ता पहिल्याच आठवड्यात लेखी द्या आणि विद्यार्थ्यांची सही घ्या. कार्डं हजेरी क्रमांकाने लावून निकालानंतर तक्रारीची मुदत संपेपर्यंत जपा. गुण बदलले असतील तर कारण त्याच कार्डाच्या मागे, तारखेसह.