मदत हवी आहे: सुटणारे बेस लावावेत का?

नमस्कार मंडळी,
मी १३-१४ वर्षांच्या मुलांना बेसबॉल शिकवतो. परवा सरावात एक पोरगा दुसऱ्या बेसवर (धावताना गाठायची, जमिनीला बसवलेली चौकोनी गादी) स्लाइड करत, म्हणजे जमिनीवर बसून घसरत आला. बसायला उशीर झाला, बेस हातभरावर आल्यावर बसला. बुटाचे स्पाइक्स बेसच्या कडेला अडकले, पाय तिथंच राहिला आणि अंग पुढं गेलं. घोटा सुजून टम्म. हाड शाबूत आहे, तेवढंच नशीब.

नंतर मी बेसला लाथ मारून पाहिली, तसूभर हलला नाही. खालचा लोखंडी दांडा जमिनीत पुरलेल्या नळीत घट्ट बसतो. जोरात येणाऱ्या पायाला तो उंबरठाच की!

जुनेजाणते म्हणतात, "स्लाइड नीट शिकवा, बेसला कशाला दोष?" खरं आहे, पण शिकणारा चुकणारच, आणि दरवेळी घोट्यानं किंमत का मोजायची?

वाचनात आलं, की धक्का बसल्यावर सुटणाऱ्या बेसचा अभ्यास अमेरिकेत सॉफ्टबॉलवर झालाय, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. घट्ट बेसवरच्या ६२७ सामन्यांत स्लाइड करताना ४५ दुखापती, सुटणाऱ्या बेसवरच्या ६३३ सामन्यांत फक्त २. आकडे बघून मी उडालोच.

अडचण अशी, की बेस सुटून लांब गेला तर रनर (बेसकडे धावणारा खेळाडू) सेफ की आउट? रोज भांडणं व्हायची. की मेजर लीगसारखे (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) मोठे बेस घेतले तरी भागेल?

प्रतिसाद १
अंपायरिंग करतो म्हणून सांगतो, भांडायचं कारणच नाही. रनर सेफ पोहोचला आणि त्याच्याच धक्क्यानं बेस सुटला, तर त्या बेसवर त्याला आउट करता येत नाही. त्याच खेळीत मागून दुसरा रनर आला, तर बेसची मूळ जागा गाठली की पुरे. निर्णय अंपायरचा.
मेजर लीगनं २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पण ते सुटत नाहीत. जागा वाढल्यानं पहिल्या बेसवर पायावर पाय पडणं कमी होतं, अडकलेला घोटा सुटत नाही. पहिल्या बेसवरच्या धडकांची काळजी असेल तर सॉफ्टबॉलमधला दुहेरी बेस बघा. पांढरा भाग फिल्डरचा, फाउलकडचा (मैदानाच्या रेषेबाहेरचा) रंगीत भाग पळत येणाऱ्या रनरचा.

प्रतिसाद २
सुटणारे बेस जरूर घ्या, पण राखायची तयारी ठेवा. आमच्याकडे बेस जिथं अडकतो त्या खोबणीत माती गच्च बसली होती आणि सुटणारा बेस महिनाभर सुटतच नव्हता! कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक सामन्याआधी खोबणी ब्रशनं साफ करा आणि बेस एकदा हातानं उखडून बघा.
आणखी एक. स्लाइडनं बेससमोरची माती उकरली जाते, कडेखाली फट पडते आणि बूट आत शिरतो. तुमच्या पोराचं असंच तर नाही ना झालं?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आत्ताच मैदानावर जाऊन आलो. दुसऱ्या बेसच्या कडेखाली माझी चार बोटं आरामात गेली. आज माती भरून ठोकून घट्ट करतो. सुटणारे बेस येईपर्यंत सरावात नुसती सुटी रबरी चटई ठेवून स्लाइड करून घेतली तर चालेल का?