मदत हवी आहे: रोबोटिक्सवेड्या लेकीचं कॉलेज आणि फीचं गणित

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. लेक यंदा बारावीत जाईल. तीन वर्षं शाळेच्या ‘फर्स्ट रोबोटिक्स’ (शाळकरी मुलांची रोबोट बनवायची स्पर्धा) टीममध्ये आहे. जानेवारीत किकऑफ, म्हणजे स्पर्धेच्या हंगामाची सुरुवात, झाली की ती घरात फक्त झोपायला येते, डबाही कधी कधी तसाच परत! वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग ती सांभाळते. आता कॉलेजातही रोबोटिक्सच करायचं म्हणते.

डोक्यात तीन नावं आहेत. ॲन आर्बरचं युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन: २०२२पासून तिथे रोबोटिक्सची पदवी आहे आणि आम्हाला राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागेल. फ्लिंटचं केटरिंग: एक सत्र वर्गात, एक सत्र कंपनीत, तेही पगारी. आणि मॅसॅच्युसेट्समधलं डब्ल्यूपीआय (वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट). लेकीचा जीव तिथे अडकलाय, माझा फीच्या आकड्यात.

ग्रीन कार्ड आहे, म्हणजे फॅफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरता येईल. पण दोघांचे पगार धरले की गरजेवर आधारित मदत फारशी मिळेल असं वाटत नाही. ५२९ खात्यात (मुलांच्या शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) साधारण दोन वर्षांची सोय आहे. धाकटाही रांगेत आहे.

ज्यांची मुलं या वाटेने गेली त्यांना विचारायचंय: फर्स्टच्या मुलांसाठीच्या स्कॉलरशिप चारही वर्षं टिकतात का, की दरवर्षी ग्रेडची टांगती तलवार? केटरिंगच्या पगारातून फीचा किती भार खरोखर हलका झाला? आणि मिळालेली ऑफर दाखवून दुसऱ्या कॉलेजकडे रक्कम वाढवून मागितली आहे का कुणी? मला जरा भाजी घेतल्यासारखं वाटतं, पण लाजून चालणार नाही.