स्टेमसेल दिल्यावर पानथरी वाढली आहे, कबड्डी कधीपासून चालेल?

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या दिरांना एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सर आहे. माझ्या नवऱ्याचं एचएलए (पेशींवरच्या खुणा, दाता जुळतो का ते यावरून ठरतं) पूर्ण जुळलं, म्हणून गेल्या आठवड्यात त्याने स्टेमसेल, म्हणजे रक्ताच्या मूळ पेशी दिल्या. आधी रोज जी-सीएसएफची (मूळ पेशी रक्तात आणणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं, मग पाचव्या दिवशी रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर चार-पाच तास. कंबर आणि मांड्या ठणकत होत्या, मशीनवर ओठांना मुंग्या आल्या तेव्हा कॅल्शियम दिलं. हे सगळं होणार असं आधी सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही.

पण डाव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणाला म्हणून सोनोग्राफी केली. पानथरी आधी ११.२ सेंमी होती, आता १२.९. डॉक्टर म्हणाले, 'औषधाने वाढते, आपोआप उतरेल, जपा.' जपा म्हणजे नेमकं काय? हा गावच्या संघात कोपरा सांभाळतो, पुढच्या रविवारी सामने आहेत. सासूबाईंच्या डोक्यात पानथरी म्हणजे हिवताप, त्या वेगळाच काढा उकळून बसल्यात. बाइकवरून कामाला जाऊ द्यावं का? कोणाच्या घरी असा अनुभव आहे?

प्रतिसाद १
ताई, मी रक्तपेढीत काम करतो. या इंजेक्शनने मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात, पांढऱ्या पेशी चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जातात. त्या पानथरीत साठतात आणि ती फुगते. बहुतेक दात्यांची थोडीफार वाढतेच, फक्त सोनोग्राफी न केल्याने कळत नाही. इंजेक्शनं थांबली की काही दिवसांत उतरू लागते.

मात्र फुगलेली पानथरी धक्क्याने फाटू शकते. फार क्वचित होतं, पण धडधाकट दात्यांतही घडलेलं आहे. पकडीत चार जण अंगावर पडतात, तेव्हा रविवारचे सामने विसरा. जड उचलणं, व्यायामशाळा, पोट चोळणंही नको. सोनोग्राफी पूर्ववत आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांची परवानगी, दोन्ही मिळाल्यावरच मैदान. बाइकचंही त्यांनाच विचारा, तोवर बसने जाऊ दे.

सगळ्यात महत्त्वाचं: पोटात डावीकडे अचानक कळ, डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी, आणि 'स्टेमसेल दिल्यात' हे पहिल्या वाक्यात सांगा. खांदा अवघडला असेल म्हणून बाम लावत बसू नका. आत रक्तस्राव झाला की छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं.

प्रतिसाद २
अंगदुखीला पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नको, मशीननंतर प्लेटलेट कमी झालेल्या असतात. काढ्यात काय आहे तेही डॉक्टरांना सांगा. भाऊजींना लवकर आराम पडो!

धागाकर्ती
खूप आभार. खांदा दुखत नाहीये, दोनदा विचारलं. सोनोग्राफीची पुढची तारीख घेतली. हा अजून 'बदली खेळाडू म्हणून तरी बसतो' म्हणतोय, म्हणून संघाच्या कप्तानाला मीच फोन केला.