डीट्रिश नावाचा अर्थ काय?

कैरीचं_लोणचं: आम्ही श्टुटगार्टला असतो, नवरा जर्मन. मुलगा होणार आहे (इथे आधी सांगतात). घरात आजेसासऱ्यांचं नाव ठेवायचं घाटतंय, डीट्रिश. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "खोकल्याचं औषध वाटतंय." कुणी अर्थ सांगेल का?

जुनाबाजार: अर्थ अगदी राजेशाही आहे हो! जुन्या जर्मनमध्ये 'डीट' म्हणजे लोक आणि 'रिश' म्हणजे सत्ताधीश. हा 'रिश' आपल्या 'राजा'च्याच भाऊबंदांतला. मराठीत ठेवायचं तर लोकराज.

याचं जुनं रूप थिओडोरिक. या नावाच्या, गॉथ या जर्मानिक टोळीच्या राजाने 493 ते 526 इटलीवर राज्य केलं. माणूस साधा नव्हता. इटलीचा आधीचा राजा ओडोआकर, त्याच्याशी तह केला, मेजवानीला बोलावलं आणि तिथेच स्वतःच्या हाताने कापला. गंमत म्हणजे पुढे जर्मन वीरकथांत हाच 'डीट्रिश फॉन बेर्न' झाला, आणि तिथे बिचारा राज्य गमावून वणवण फिरतो. बेर्न म्हणजे इटलीतलं वेरोना बरं का, स्वित्झर्लंडचं नव्हे. इटलीत रावेन्नाला थिओडोरिकची समाधी आहे, ती जरूर बघा. छत म्हणजे एकच अखंड दगड, सुमारे 10 मीटर व्यासाचा. आजच्यासारख्या क्रेन नसताना तो वर कसा चढवला असेल!

खिडकीपाशी: म्युनिकहून लिहितेय. कुलूप किल्लीशिवाय उघडायच्या वाकड्या तारेलाही इथे 'डीट्रिश' म्हणतात. शाळेत पोरं सोडणार नाहीत.

जुनाबाजार: पोरं कुठल्या नावाला सोडतात? जर्मनीत डीट्रिश म्हटलं की बोनहोफर आठवतो. हिटलरला विरोध करणारा पाद्री, 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत फासावर गेला. हे नाव लावायला लाज कसली?

कैरीचं_लोणचं: पटलं. पण घरी हाक काय मारायची? नवरा म्हणतो डीटर.

खिडकीपाशी: नको गं! डीटर म्हटलं की पेन्शनीतले काका डोळ्यांसमोर येतात.

जुनाबाजार: फ्रेंच तिएरी, इंग्रजी डेरेक, डच डिर्क, सगळी याच नावाची रूपं. डिर्क जर्मनीतही चालतं. कागदोपत्री डीट्रिश ठेवा, घरात डिर्क. आजीच्या तोंडी तर दोन दिवसांत 'डिर्क्या' होईल.