आत जायचं की बाहेरून पाणी मारायचं, हा निर्णय घ्यायला कुठे शिकवतात?

नवा_सबऑफिसर
नमस्कार मंडळी. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन आहे, सब ऑफिसरचा कोर्स झालाय आणि आता लवकरच गाडीवर इन्चार्ज म्हणून बसणार. होज ड्रिल, लॅडर ड्रिल, बी.ए. सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) घालून धुराच्या खोलीतून सरपटत जाणं, दोरावरून माणूस उतरवणं हे सगळं अंगात मुरलंय, त्याची चिंता नाही. माझा प्रश्न वेगळाय. आतापर्यंत साहेब म्हणाले आत जा की जायचो, म्हणाले बाहेर या की यायचो. आता ते मी म्हणायचंय आणि माझ्या एका शब्दावर तीन-चार पोरं आत जाणार. कोर्समध्ये कमांडवर लेक्चरं झाली, नाही असं नाही, पण ग्राउंडवरची प्रत्येक ड्रिल घड्याळ लावून, पाणी कोण आधी चालू करतो त्यावर मार्क. "आत जायचं नाही" किंवा "सगळे बाहेर या" असं म्हणायची ड्रिल आमची एकदाही झाली नाही. आमच्या हद्दीत जुन्या लाकडी माड्या आहेत, खाली कापडाचं किंवा प्लास्टिकचं गोडाऊन, वर कुटुंबं राहतात. काळबादेवीच्या आगीबद्दल वाचल्यापासून हे डोक्यातून जातच नाही. वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, पोचल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत तुम्ही नक्की काय बघता आणि कशावरून ठरवता, ते अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

जुनी_वर्दी
चांगला प्रश्न विचारलास आणि गाडीवर बसायच्या आधी विचारलास. मी स्टेशन ऑफिसर म्हणून रिटायर झालो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

काळबादेवीपासूनच सुरू करू. ९ मे २०१५, हनुमान गल्लीतली गोकुळ इमारत, जुनं लाकूडकाम. आग विझवण्याचं काम चालू असताना इमारतीचा भाग कोसळला आणि चार अधिकारी गेले. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर. ही नावं प्रत्येक नवीन सब ऑफिसरला पाठ पाहिजेत असं माझं मत आहे. हे चौघं कोणी नवखे नव्हते, मुंबईच्या जुन्या चाळी त्यांनी आयुष्यभर बघितल्या होत्या. म्हणजे नुसत्या अनुभवाने इमारत कधी बसेल ते कळत नाही, त्यासाठी कोणीतरी बाहेर उभं राहून फक्त इमारतीकडेच बघत राहावं लागतं, आणि तो माणूस होजला हात लावणारा नसावा.

आता पहिली तीन मिनिटं. उतरल्या उतरल्या इमारतीला फेरी मार. गल्लीमुळे चारी बाजू दिसणार नाहीत, मग शेजारच्या गच्चीवर एक माणूस चढव आणि वॉकीवर विचार मागून काय दिसतंय. धूर कुठून येतोय, त्याचा रंग काय, जोरात ढकलल्यासारखा येतोय की आळसावलेला. दाट काळा धूर दाबाने बाहेर फेकला जात असेल तर आत सगळं तापून तयार आहे आणि हवा मिळायची वाट बघतंय, अशा वेळी पाणी हातात नसताना दार उघडायचं नाही. मग खाली उभ्या असलेल्या लोकांना एकच प्रश्न: आत कोण राहिलंय आणि कुठल्या खोलीत? "कोणीतरी असेल" आणि "माझी आई दुसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत आहे" ह्या दोन उत्तरांवर वेगवेगळे निर्णय होतात.

माणूस आत आहे आणि जिवंत असण्याची शक्यता आहे तर मोठा धोका पत्करायचा. सगळे बाहेर आलेत आणि फक्त माल जळतोय तर पोरांचा जीव त्या मालापायी लावायचा नाही, मालक कितीही रडला तरी.

पाण्याचं वजन बहुतेक जण विसरतात. लिटरला एक किलो. एक मॉनिटर, म्हणजे जागेवर बसवलेली पाण्याची तोफ, मिनिटाला २००० लिटर टाकत असेल तर मिनिटाला दोन टन, असे दोन मॉनिटर अर्धा तास चालले तर १२० टन पाणी तू त्या इमारतीवर घातलंस. काही वाफ होतं, बरंच वाहून जातं, पण खाली कापडाच्या गासड्या असतील तर त्या पाणी पितात आणि तिथेच बसतात. म्हणून जिन्यातून आणि गटारातून पाणी किती परत येतंय ते बघत राहायचं. वर भरपूर जातंय आणि खाली थेंब थेंब येतंय, म्हणजे ते कुठल्यातरी मजल्यावर साठतंय, आणि तो मजला ज्या तुळईवर आहे ती एका बाजूने जळतेय.

पेन्सिल्व्हेनियाकर
मी मूळचा साताऱ्याचा, इथे आयटीत आहे आणि गावातल्या व्हॉलंटिअर फायर कंपनीत फायरफायटर आहे. साहेबांनी लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन, इकडच्या दोन गोष्टी जोडतो.

२००१ साली फिनिक्समध्ये एका सुपरमार्केटच्या आगीत त्यांचा एक फायरफायटर आत वाट चुकून मरण पावला. त्यानंतर त्या दलाने स्वतःच चाचण्या घेतल्या, की आत अडकलेल्या एका फायरफायटरला बाहेर काढायला खरंच काय लागतं. उत्तर आलं साधारण १२ माणसं आणि २१ मिनिटं, आणि वाचवायला गेलेल्या दर पाचांपैकी एक जण स्वतःच अडचणीत येतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे आकडे सुरुवातीलाच सांगतात. तुमच्या गाडीवर पाच जण असतील तर विचार करा, दोघांना आत पाठवलं आणि एक पडला तर बाकीच्यांच्या हातात किती उरतं.

दुसरं, वूस्टर, मॅसॅच्युसेट्स, ३ डिसेंबर १९९९. बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज, खिडक्या जवळजवळ नाहीत. आत बेघर माणसं असतील म्हणून शोधायला गेलेले दोघं धुरात हरवले, त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघं परत आले नाहीत. बेघर माणसं आधीच बाहेर पडली होती. तेव्हा तिथले डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅकनामी दारात आडवे उभे राहिले आणि पुढच्या कोणालाही आत जाऊ दिलं नाही. समोर स्वतःचे मित्र आत असलेले लोक जाऊ द्या म्हणून हट्ट धरून उभे, तरी नाही म्हणजे नाही. माझ्या मते फायर सर्व्हिसमधल्या लीडरशिपचं ह्याहून कठीण उदाहरण नसेल.

अजून एक, आग आता पूर्वीसारखी वाढत नाही. इकडे यूएल नावाच्या संस्थेने शेजारी शेजारी दोन दिवाणखाने जाळून बघितले, एकात जुनं लाकूड-कापसाचं फर्निचर आणि दुसऱ्यात आजचं फोम आणि पॉलिएस्टरचं. जुन्या खोलीत सगळं एकदम पेट घ्यायला जवळपास अर्धा तास लागला, नव्या खोलीत चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. म्हणजे आपण पोचतो तेव्हा बऱ्याचदा खोली हवेअभावी दबा धरून बसलेली असते आणि दार उघडणं म्हणजेच तिला हवा देणं. म्हणून आम्ही आता आधी बाहेरून खिडकीतून थोडा वेळ सरळ जेट छताला मारतो, आतलं तापमान पडतं, आणि मग लगेच आत जातो. पूर्वी म्हणायचे बाहेरून पाणी मारलं की आग आतल्या लोकांवर ढकलली जाते. मोजमाप घेतल्यावर दिसलं की सरळ जेटने तसं होत नाही, पण फॉग, म्हणजे बारीक फवारा, करून अख्खी खिडकी भरून टाकली तर हवेचा रस्ता बंद होतो आणि वाफ, गरम गॅस मागे फिरू शकतात. जेट सरळ ठेवा, खिडकीभर फिरवू नका.

तालुक्याचा_टँकर
सगळं बरोबर आहे पण आमच्यासारख्या नगरपरिषदेचं काय ते पण बोला. एक गाडी, ड्रायव्हर धरून चार माणसं, बी.ए. सेट दोन, त्यातला एक रिफिलला गेलेला असतो आणि रिफिल जिल्ह्याला. बारा माणसं कुठून आणायची? आणि गर्दी! पोचायच्या आधी दोनशे लोक, शंभर मोबाइल, आणि कोणीतरी पुढारी ओरडतोय की हे लोक नुसते बाहेर उभे राहून पाणी मारतायत, आत का जात नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गावभर. तरुण पोरांवर त्याचा प्रेशर येतो आणि ती आत घुसतात, मी डोळ्याने बघितलंय. मला स्वतःला वाटतं की आपल्या माणसांना आगीपासून रोखण्यापेक्षा त्या गर्दीपासून रोखणं जास्त अवघड आहे.

आणि बाहेरून काम करणं म्हणजे घाबरणं हे पण डोक्यातून काढायला पाहिजे. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल बिल्डिंगला आग लागली तेव्हा ८४ लोकांची सुटका झाली, गच्चीवर अडकलेले लोक बाहेरून शिड्या लावून एकेक करून उतरवले. ते काय कमी शौर्याचं काम होतं?

तुळई
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, अग्निशमनातली नाही, पण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते म्हणून लिहिते. लाकडी तुळई जाड असेल तर ती बाहेरून जळून कोळसा होतो आणि आतला गाभा बराच वेळ वजन धरतो, ती निदान कुरकुरते, वाकते. खरी भीती दुरुस्ती झालेल्या माड्यांची. लाकूड किडलं म्हणून मध्ये मध्ये लोखंडी आय सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराच्या तुळया) घातलेले असतात आणि वर प्लास्टर केल्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. पोलाद ५५० ते ६०० अंशांना निम्मी ताकद गमावतं, आणि तापून लांब होताना भिंतीला बाहेर ढकलतं. म्हणून भिंतीचा फुगवटा बघा, विशेषतः तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं त्या रेषेत. दारं-खिडक्या आपोआप घट्ट बसायला लागल्या, प्लास्टरचे पोपडे आग नसलेल्या बाजूला पडायला लागले, जिन्याची पायरी भिंतीपासून सुटली, ह्यातलं एक जरी दिसलं तरी तिथे थांबू नका, बाहेर पडा. आणि कोसळण्याची हद्द इमारतीच्या उंचीच्या दीडपट धरतात, जुन्या गल्ल्यांत तेवढी जागा नसतेच, तेव्हा दर्शनी भिंतीसमोर उभं राहण्यापेक्षा कोपऱ्याकडे राहिलेलं बरं. मॉनिटर लावून, बांधून, माणसांनी मागे सरकावं.

नवा_सबऑफिसर
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तुळई मॅडम, लोखंडी सेक्शनचं तर कोणीच कधी सांगितलं नव्हतं, आमच्या हद्दीत अशा दुरुस्त्या कुठे झाल्यात ते आता वॉर्ड ऑफिसला जाऊन बघतो. जुनी वर्दी साहेब, अजून दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे बी.ए. चा वेळ प्रत्यक्षात किती धरायचा, सिलिंडरवर तर ४५-५० मिनिटं म्हणतात. आणि बाहेर बोलवायची ड्रिल मी माझ्या शिफ्टला कशी घेऊ?

जुनी_वर्दी
बी.ए. चं गणित सोपंय. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण २००० लिटर हवा. पुस्तकात मिनिटाला ४० लिटर धरतात म्हणून ५० मिनिटं येतात. पण भरलेली होज घेऊन जिने चढणारा माणूस मिनिटाला ८० ते १०० लिटर सहज ओढतो, म्हणजे तुझ्या हातात २० ते २५ मिनिटं, त्यातही आत जायला जेवढी लागली तेवढीच यायला. शिट्टी वाजते साधारण ५५ बारला, ती वाजल्यावर परत फिरायचं नसतं, ती वाजायच्या आत बाहेर असायचं असतं. दारात बोर्ड घेऊन एक माणूस पाहिजे, नाव, आत जायची वेळ, प्रेशर. तालुक्याचा टँकर भाऊंकडे चारच माणसं आहेत, तिथे हे काम ड्रायव्हरने पंपाशेजारी उभं राहून करावं, पण सोडू नये. आणि भाऊ, दोनपैकी एकच सेट जागेवर असेल तर आत कोणालाही पाठवू नका, एकटा माणूस आत म्हणजे त्याला काढायला कोणी नाही, हे नगराध्यक्षांनाही लेखी देऊन ठेवा. गर्दीच्या वेळी तेच पत्र कामाला येतं.

ड्रिलचं सांगतो. आठवड्यातून एका ड्रिलच्या मध्येच, पोरं होज घेऊन जिन्यात असताना, न सांगता बाहेर बोलवायचा इशारा द्यायचा. आमच्याकडे शिट्टीचे सलग छोटे आवाज होते, सोबत गाडीचा हॉर्न आणि वॉकीवर निरोप, कारण नुसत्या वॉकीवर आत काही ऐकू येत नाही. इशारा झाला की होज, ब्रांच (होजच्या टोकाचं नोझल) जिथल्या तिथे टाकून बाहेर. सामान घेऊन येणाऱ्याला परत पाठवून पुन्हा करायला लावायचं, कारण सरकारी होजची नोंद लागेल ह्या भीतीने पोरं ती ओढत आणतात, तेव्हा आधीच स्पष्ट सांग की टाकलेल्या सामानाचा जबाब तू देशील. बाहेर आल्यावर हजेरी, नावाने, नुसते आकडे मोजायचे नाहीत. आणि ही ड्रिल तुझ्या लीडिंग फायरमनकडूनही घे, इशारा त्याने द्यायचा आणि तू आत असायचं. एखाद दिवशी तू धुरात असशील आणि भिंतीचा फुगवटा त्याला दिसेल, तेव्हा "साहेब आत आहेत, त्यांना कसं बोलवू" असा विचार करत तो थांबता कामा नये.